सीपीच्या मुलांचा कडकपणा: बॅक्लोफेनची गोळी की बोटॉक्सचं इंजेक्शन?

बुटाचं पुढचं टोक महिन्याभरात झिजतं आणि टाच मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरी. सेरेब्रल पाल्सीचं (सीपी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होणं) मूल ज्या घरात आहे तिथे ही खूण ओळखीची: पोटऱ्या कडक, म्हणून मूल चवड्यांवर चालतं. डॉक्टर म्हणतात, ‘गोळी सुरू करू, नाहीतर बोटॉक्स देऊन बघू,’ आणि आईबाबा एकमेकांकडे बघत राहतात.

आधी कडकपणा कुठे आहे ते बघा. मूल सगळंच ताठ, मांड्या उघडेनात म्हणून लंगोट बदलायला दोन माणसं लागतात, तर किती स्नायूंना सुया टोचणार? तिथे बॅक्लोफेन, म्हणजे अख्ख्या शरीराचे स्नायू सैल करणारी गोळी. अडचण फक्त पोटऱ्यांची असेल तर अख्ख्या शरीराला पेंग आणणारी गोळी कशाला? मी तिथे बोटॉक्सच्या बाजूने. २०१० मध्ये अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीनेही ठरावीक स्नायूंच्या कडकपणासाठी त्याचीच शिफारस केली. बॅक्लोफेनच्या गोळीबाबत पुरावा अपुरा ठरवला.

गोळी स्वस्त, घरच्या घरी देता येणारी. थोड्या डोसपासून हळूहळू चढवतात. पण झोपाळूपणा, बद्धकोष्ठ येतं, कधी मानपाठ आणखी सैल पडते. मुख्य म्हणजे ती एकदम बंद करायची नाही. गणपतीला गावी गेलो आणि गोळ्या घरीच राहिल्या, हे इथे चालत नाही: कडकपणा उसळतो, ताप, भास, झटकेही येऊ शकतात.

बोटॉक्स नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. काही दिवसांत फरक दिसतो, साधारण तीन-चार महिन्यांत उतरतो, मग पुन्हा सुई, पुन्हा खर्च. क्वचित औषध पसरून गिळायला, श्वास घ्यायला त्रास होतो. जेवताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि त्या तीन महिन्यांत फिजिओ, स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) झालं नाही तर पैसे पाण्यात. (स्प्लिंट कपाटात ठेवून ‘बोटॉक्सचा उपयोग झाला नाही’ म्हणणारे आम्हीही होतो.)

हाताने दाबूनही घोटा वळत नसेल तर स्नायू आखूड झालाय. त्यावर दोन्ही औषधं फिकी, तिथे प्लास्टर किंवा शस्त्रक्रियेचा विषय निघतो. उलट काही मुलं त्या कडकपणाच्याच आधारावर उभी असतात, तो काढला की गुडघे लटपटतात. म्हणून मूल चालताना, बसताना, झोपेत कसं असतं याचे व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात मूल रडून आणखीच ताठ होतं.