आयनॅचरलिस्ट: सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी फोनमध्ये ठेवावंच असं ॲप

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दरवर्षी हा प्रश्न येतोच: झाडं, फुलं, किडे ओळखायला कुठलं ॲप घ्यायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे, आयनॅचरलिस्ट. तेच का, आणि त्याच्यावर कुठे विसंबायचं नाही, हे एकदा सविस्तर लिहायचं होतं. मी राजगुरूनगरला औषधांचं दुकान चालवते. रविवारी दुकान बंद असतं आणि भोरगिरीहून भीमाशंकरकडे चढणारी वाट काही फार लांब नाही. त्यामुळे इथे लिहितेय ते बहुतेक त्याच जंगलातलं.

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून ते सुरू केलं, आता एक ना-नफा संस्था ते चालवते. फोटो काढायचा, ॲप त्यावरून नावं सुचवतं, आणि ती सुचवताना ती जात तुमच्या भागात सापडते का हेही बघतं. त्यातलं पटेल ते निवडून नोंद टाकायची. इथपर्यंत बाकीची ॲपही येतात. पुढची पायरी मात्र बहुतेकांकडे नाही. तुमची नोंद सगळ्यांसमोर जाते, त्या त्या विषयातली जाणकार माणसं ती बघतात, नाव बरोबर असेल तर दुजोरा देतात, नसेल तर बदलून सांगतात. निदान दोघांनी ओळख दिली आणि दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एका जातीवर एकमत झालं, की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’चा शिक्का मिळतो. मग योग्य परवान्याखालच्या अशा नोंदी जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यातही जातात आणि संशोधकांच्या उपयोगी पडतात. रविवारी सहज काढलेला फोटो एवढ्या लांब पोचतो, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

सोनकीचंच उदाहरण घ्या. पाऊस ओसरताना कड्याकपारी पिवळ्या करून टाकणारं हे फूल कोणालाही ओळखता येतं असं आपण धरून चालतो. पण सह्याद्रीत सोनकीच्या गटातल्या बऱ्याच जाती आहेत आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. मी टाकलेल्या एका सोनकीखाली एका अनोळखी अभ्यासकाने विचारलं, “बी धरलेलं फूल आहे का? बीवर लव आहे का आणि पान खोडाला कसं चिकटलंय, ते दिसलं तर सांगता येईल.” पुढच्या फेरीत ते फोटो काढून जोडले आणि नाव पक्कं झालं. त्या माणसाला यातून एक पैसा मिळत नाही. असं शिकवणारं कोणी मला कॉलेजातही भेटलं नव्हतं.

ॲप चांगलं की वाईट हे अर्ध्याहून जास्त तुमच्या फोटोवर ठरतं. लोक फुलाचा एक सुंदर फोटो काढतात आणि पुढे जातात. त्याने भागत नाही. फूल समोरून आणि बाजूने, पान दोन्ही अंगांनी, पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोडाची साल, आणि थोडं मागे सरून अख्खं झाड, एवढं एकाच नोंदीत टाका. ऐन आणि हिरडा ही आमच्या डोंगरातली नेहमीची झाडं, दोन्ही एकाच कुळातली. मोठ्या ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते, ती चुकत नाही. पण कोवळं झाड असेल तर साल काही सांगत नाही. तेव्हा पान उलटं करायचं. ऐनाला पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेला लागून, बुडाजवळ एक-दोन गाठी दिसतात. हिरड्याला तशा गाठी देठावर असतात, पान सुरू होण्याच्या जरा आधी. नखाएवढ्या जागेतली ही खूण फोटोत आली की समोरचा जाणकार एका मिनिटात सांगतो. नाही आली तर ॲप नुसतं कुळाचं नाव देऊन थांबतं, आणि ते थांबतं हे मला आवडतं. खात्री नसताना जातीचं नाव ठोकून देण्यापेक्षा ते बरं. पान बघायला तोडावं लागत नाही, फांदीवरच हलकेच वळवलं तरी दिसतं. अभयारण्यात तर काहीच तोडायचं नसतं.

याउलट पैसे घेणारं एक दुसरं ॲप मैत्रिणीच्या फोनवर होतं. त्याने फुलं न आलेल्या कळलावीला आल्याच्या कुळातलं झाड ठरवलं, वर टक्केवारीही दिली. ते वाचून मी तिथेच सगळ्यांना थांबवलं. कळलावीच्या प्रत्येक भागात, कंदात तर फारच, कोल्चिसिन असतं. हेच द्रव्य गाऊटच्या रुग्णांना अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत देतात आणि तेवढ्यालाही डॉक्टरची चिठ्ठी लागते. कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. फुलं नसतानाही कळलावी ओळखू येते: पानाचं टोक पुढे तंतूसारखं वळलेलं असतं, त्यानेच ती आधार धरून वर चढते.

म्हणून हे अगदी कळकळीने सांगते: कुठल्याही ॲपच्या भरवशावर रानातलं काहीही तोंडात घालू नका. आयनॅचरलिस्टच्याही नाही. रानभाज्या ही ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिजतात त्यांच्याकडून शिकायची गोष्ट आहे. खांडसच्या बाजूला एका ठाकरवाडीत एका आजींनी मला शेवळं निवडताना दाखवली. कोंबाच्या आतला नको तो भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, आणि शिजवताना काकडाची आंबट फळं घालायचीच, नाहीतर घसा खाजून माणूस हैराण होतो. फोटोवरून शेवळाचं नाव कळेलही, पण काकड कोण सांगणार? मी त्यांना स्क्रीनवरचं लॅटिन नाव वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “असंल बाई, पर आधी काकडं आण.”

सापांच्या बाबतीतही असंच कडक राहा. कवड्या बिनविषारी, मण्यार अतिविषारी, आणि घाबरलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीला मानेजवळ ते नसतात किंवा अंधुक असतात, मागे जोडीजोडीने स्पष्ट होतात. पण हे वाचून जवळ जायचं नाही. लांबून, झूम करून मिळाला तर फोटो, नाहीतर सोडून द्या. दंश झाला तर नाव शोधण्यात वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. आपल्याकडचं सापाच्या विषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, डॉक्टर लक्षणं बघून ते देतात. घाटात झुडपांवर बसणारा हिरवा चापडा त्या चारांत नाही, म्हणून कारवीच्या गचपणातून जाताना हात कुठे टाकतोय ते बघूनच टाकायचा.

ॲपची ज्ञानाची हद्दही ओळखून असावं. ज्या जातीचे पुरेसे फोटो जमलेले नाहीत ती संगणकाला सुचवताच येत नाही. कोयनेच्या जंगलातून मांजऱ्या सापाची एक नवी जात २०१९ मध्ये जगासमोर आली. आपल्या डोंगरांत अजून नाव न मिळालेलं बरंच काही असणार, तिथे ॲप जवळच्या नातलगाचं नाव घेणार हे उघड आहे. गवतं, शेवाळं, छोटे कोळी यांना ओळखणारी माणसंच थोडी, त्यामुळे त्या नोंदी खूप काळ तशाच राहतात. धीर धरावा लागतो.

मुलांना घेऊन जाणार असाल तर त्याच संस्थेचं ‘सीक’ घ्या. खातं उघडावं लागत नाही, रेंज नसतानाही कॅमेरा रोखला की नाव सांगतं, आणि मुलं त्यात रमतात. मात्र त्यात जाणकारांची तपासणी नाही. पाखरांच्या आवाजासाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’, तेही फुकट. घरूनच भारताचा संच उतरवून घेतला की जंगलात नेट लागत नाही. झुंजुमुंजू होताना ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गाऊ लागतो, माणूस शीळ घालतोय असं वाटावं असा, आणि स्क्रीनवर त्याचं नाव उजळतं तेव्हा फार बरं वाटतं. पण भृंगराज दुसऱ्या पाखरांचे आवाज हुबेहूब काढतो, हे लक्षात असू द्या. यादीत नाव आलं म्हणून पक्षी दिसला असं धरू नका, मान वर करून शोधा. आणि ॲपमधला आवाज मोठ्याने वाजवून पाखराला जवळ बोलावायचं नाही, विशेषतः विणीच्या दिवसांत. ते बिचारं आपल्या हद्दीत परका आला म्हणून धावपळ करतं.

रेंजचं म्हणाल तर भोरगिरी सोडलं की तिची आशा सोडायची. त्याने अडत नाही. फोनचं लोकेशन चालू ठेवा, ते नेटशिवाय चालतं. साध्या कॅमेऱ्याने फोटो काढत राहा, जागा आणि वेळ फोटोतच नोंदली जाते. घरी येऊन, चहा घेऊन, निवांत नोंदी टाका. बॅटरीही वाचते.

एका सोयीसाठी मी या ॲपला आणखी जास्त गुण देते. धोक्यात असलेल्या जातींची नेमकी जागा ते आपणहून झाकतं. नकाशावरचा ठिपका साधारण २०-२२ किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी भलतीकडेच दाखवतं. कंदीलपुष्पं आणि आमरी (ऑर्किड) उपटून नेणारे लोक आहेत, तेव्हा हे फार गरजेचं आहे. पण यादीत नसलेल्या जातीसाठी तो पर्याय आपण स्वतः निवडायचा असतो, आणि फार थोडे जण तो निवडतात. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये शेकरूसाठी जाहीर झालं. तिथे शेकरूच्या घरट्याचा फोटो टाकतानाही मी जागा झाकते. नोंदीखाली ‘अमुक मंदिरामागच्या तिसऱ्या झाडावर’ असं लिहिलंत तर झाकण्याचा काही उपयोग नाही, तेही टाळा.

माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मराठी नावांसाठी: ती वापरणाऱ्यांनीच भरायची असल्यामुळे काही झाडांना आहेत, कित्येकांना नाहीत. तुमच्यापैकी कोणी वनस्पतिशास्त्र शिकवत असेल, कोणाला गवतं कळत असतील, कोणाच्या घरात झाडांची नावं अजून बोलली जात असतील, त्यांनी खातं उघडाच. फोटो काढला नाहीत तरी चालेल. घाटातल्या कितीतरी नोंदी ओळखीवाचून पडून आहेत, आठवड्यातून थोडा वेळ त्या बघायला दिलात तरी आम्हा फिरणाऱ्यांना मोठी मदत होईल.