मूळ गाणं आधी ऐकावं की गाजलेलं?

अमेरिकेतलं १९५० आणि ६०च्या दशकांतलं रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत, नव्याने ऐकणाऱ्याची पहिली अडचण अशी, की शोधावं एक गाणं आणि समोर यावीत दोन. 'हाउंड डॉग' म्हणावं तर बिग मामा थॉर्नटनही येते आणि एल्व्हिस प्रेस्लीही. 'रिस्पेक्ट' ओटिस रेडिंगचं ऐकायचं की अरीथा फ्रँकलिनचं? जाणकाराला विचारलं तर बहुधा ठाम उत्तर मिळतं: मूळ ऐका, बाकी नकला.

मला हे उत्तर अर्धंच पटतं. एकच चीज दोन घराण्यांत गायली जाते, तेव्हा ती आधी कोणी गायली हे आपण विचारत बसत नाही. गाणाऱ्याला तिच्यात काय दिसलं, ते ऐकतो. पण या गाण्यांच्या बाबतीत एवढं म्हणून सुटका नाही, कारण काही जोड्यांमध्ये दुसरा गायक खरोखरच पहिल्याच्या ताटातला घास उचलत होता. म्हणून एकच नियम लावण्यापेक्षा जोडी जोडी घेऊन पाहू.

आधी थोडा हिशेब. 'बिलबोर्ड' साप्ताहिकात कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या गाण्यांची यादी वेगळी छापली जाई. तिचं नाव होतं 'रेस रेकॉर्ड्स'. १९४९ मध्ये ते बदलून 'रिदम अँड ब्लूज' झालं. नाव बदललं, भिंत तशीच राहिली. एखाद्या छोट्या कंपनीच्या कृष्णवर्णीय गायकाचं गाणं या यादीत चढायला लागलं, की मोठी कंपनी तेच गाणं गोऱ्या गायकाकडून गाऊन घेई, आणि मोठी रेडिओ केंद्रं ते दुसरंच वाजवत. कायद्याने पैसे मिळत ते गाणं लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला. गाण्याची ढब, वाद्यांची मांडणी, मध्ये घेतलेल्या जागा यांवर कोणाचाच हक्क नव्हता. लाव्हर्न बेकरच्या 'ट्वीडली डी' या गाण्याची जॉर्जिया गिब्जने जवळजवळ सुरासूर नक्कल केली आणि तीच जास्त खपली. तेव्हा, १९५५ मध्ये, बेकरने अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, डेट्रॉइटचे सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून अशा नकलांना आळा घालणारा कायदा मागितला. तो झाला नाही. पुढची प्रत्येक जोडी ऐकताना हे पत्र माझ्या डोक्यात असतं.

'हाउंड डॉग': थॉर्नटन (१९५३) की एल्व्हिस (१९५६)

हे गाणं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या एकोणीस वर्षांच्या दोन मुलांनी खास थॉर्नटनसाठी लिहिलं. ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला, जॉनी ओटिसच्या देखरेखीखाली ते मुद्रित झालं. ह्यूस्टनच्या पीकॉक कंपनीने ते बाहेर काढलं आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते सात आठवडे पहिलं राहिलं. गाण्यातला 'कुत्रा' म्हणजे माणूस आहे. बाईच्या जिवावर बसून खाणारा, गोड बोलून पुन्हा दाराशी येणारा. थॉर्नटन त्याला घराबाहेर काढते आहे. लय संथ आहे, ठेका डुलता आहे, आणि तिच्या घोगऱ्या आवाजाला पीट लुइसची गिटार पावलोपावली उत्तर देते. शेवटी वादकच भुंकू लागतात. त्यात गंमत आहे, पण तिचा राग खोटा नाही.

एल्व्हिसने गाणं घेतलं ते थेट तिच्याकडून नव्हे. लास व्हेगासमध्ये फ्रेडी बेल आणि त्याचा वाद्यवृंद त्याची एक खेळकर आवृत्ती गात असे. त्यांनी शब्द बदलून बाई काढून टाकली होती आणि उरला होता तो खराच कुत्रा, ससा न पकडणारा. एल्व्हिसने १९५६ मध्ये ते तिथे ऐकलं आणि २ जुलैला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत एकतीस वेळा गाऊन घेतलं. डी. जे. फोंटानाचा ड्रम प्रत्येक ओळीच्या शेवटी गोळ्या झाडल्यासारखा सुटतो. शब्दांना काही अर्थ उरलेला नाही आणि त्या वेगाला अर्थाची गरजही नाही. 'डोंट बी क्रूअल' दुसऱ्या बाजूला असलेली ही तबकडी अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती.

एल्व्हिसचं गाणं मी वाईट म्हणणार नाही. त्या एकतीस प्रयत्नांमागे एक तरुण गायक स्वतःचा आवाज शोधतो आहे, हे ऐकू येतं. पण निवडायचंच असेल तर थॉर्नटन, आणि तीही आधी. तिचं ऐकल्यावर एल्व्हिसचं गाणं काय टाकून देऊन उभं राहिलं ते कळतं. उलट क्रमाने ऐकलं तर थॉर्नटन उगाच संथ वाटते आणि तिच्यावर अन्याय होतो. आधीच तो पुरेसा झाला आहे. या गाण्यापोटी आपल्याला पाचशे डॉलरांचा एक धनादेश मिळाला, बाकी काही नाही, असं ती सांगत असे.

बूनच्या जोड्या

पॅट बून या गोऱ्या गायकाच्या बाबतीत मला फार वेळ लागत नाही. फॅट्स डॉमिनोचं 'एंट दॅट अ शेम' १९५५ मध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत अकरा आठवडे पहिलं होतं. सगळ्या श्रोत्यांच्या सर्वसाधारण यादीत पहिलं झालं ते मात्र बूनचं. शीर्षकातलं 'एंट' हे अशुद्ध इंग्रजी आहे, ते बदलून 'इझंट' करावं असं आपण सुचवलं होतं, हे बूनने स्वतःच सांगितलं आहे. डॉमिनोच्या पियानोतली ती न्यू ऑर्लिन्सची आरामात चालणारी डुलकी आणि आवाजातला लोण्यासारखा मऊपणा एकदा कानात बसला, की बूनची नीटनेटकी आवृत्ती दुसऱ्यांदा लावावीशी वाटत नाही.

'टुटी फ्रुटी'चंही तेच, फक्त जास्त तीव्र. १४ सप्टेंबर १९५५ला कोझिमो मतासाच्या न्यू ऑर्लिन्समधल्या लहानशा स्टुडिओत लिटल रिचर्ड सकाळपासून गात होता आणि काही जमत नव्हतं. मधल्या सुट्टीत तो पियानोवर बसून क्लबात म्हणायचं एक चावट गाणं ओरडू लागला. निर्माता बम्प्स ब्लॅकवेलच्या कानांनी ते टिपलं. डोरोथी लाबोस्ट्रीकडून घाईघाईने शब्द सोज्वळ करून घेतले आणि सत्राच्या शेवटच्या काही मिनिटांत गाणं झालं. ती घाई, तो धोका त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. अर्ल पामरचा ड्रम आणि ली ॲलनचा सॅक्सोफोन नीट ऐका. पुढच्या वीस वर्षांच्या रॉकचा पाया तिथे घातला जातो आहे. बूनची आवृत्ती यादीत रिचर्डच्या वर गेली. पण पुढच्याच 'लाँग टॉल सॅली'मध्ये रिचर्डने लय मुद्दाम इतकी चढवली, की बूनला शब्द तोंडात मावू नयेत. तिथे रिचर्ड सहाव्या क्रमांकावर गेला आणि बून आठव्या. श्रोत्यांनी एवढ्यात कौल फिरवला होता, ही मला या सगळ्या इतिहासातली फार आनंदाची गोष्ट वाटते.

एक सावधगिरी. रिचर्डने आपली जुनी गाणी १९६०च्या दशकात दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा गायली आणि स्वस्त संग्रहांत बहुधा तीच असतात. नाव तेच, चित्र तेच, पण आतला जीव निराळा. 'स्पेशल्टी' कंपनीचं नाव आणि १९५५-५६ ही सालं पाहूनच लावा.

'शेक, रॅटल अँड रोल' (दोन्ही १९५४)

बिग जो टर्नर अटलांटिक कंपनीसाठी गातो तेव्हा गाणं बिछान्याजवळ सुरू होतं. गोऱ्या बिल हेलीच्या आवृत्तीत बिछाना गेला, स्वयंपाकघर राहिलं. तरी हेलीच्या बाजूने एक सांगायला हवं: त्याच्या वादकांचा धावता ठेका उसना नाही, त्यात 'वेस्टर्न स्विंग' या नाचाच्या कंट्री संगीताची स्वतःची चाल आहे. नाचायला हेली चालेल. बसून ऐकायला टर्नर. तो गातो कमी आणि खोलीभर हुकूम सोडतो जास्त.

'द ट्विस्ट': बॅलर्ड की चेकर

इथे रंगाची भिंत नाही, दोघेही कृष्णवर्णीय. गाणं हँक बॅलर्डचं, त्याच्या मिडनायटर्स या संचाने १९५९ मध्ये एका तबकडीच्या मागच्या बाजूला घातलेलं. फिलाडेल्फियाच्या डिक क्लार्कला दूरचित्रवाणीवरच्या आपल्या नाचाच्या कार्यक्रमासाठी ते हवं होतं, पण मिडनायटर्सची ख्याती चावट गाण्यांची. मग अठरा वर्षांच्या चबी चेकरने ते गायलं, इतकं हुबेहूब की रेडिओवर ऐकताना तो आपलाच आवाज आहे असं बॅलर्डला वाटलं म्हणे. चेकरचं गाणं सप्टेंबर १९६० मध्ये पहिलं आलं आणि जानेवारी १९६२ मध्ये पुन्हा पहिलं. ही लाट मुंबईच्या सिनेमापर्यंत पोचली, आणि 'ट्विस्ट' हा शब्द आपल्या आधीच्या पिढीला गाणं न ऐकताही माहीत झाला. दोन्हींत फरक थोडा आहे. वेळ कमी असेल तर चेकर ऐकून पुढे चला, काही गमावत नाही. गाणं लिहिलेलं बॅलर्डने, त्यामुळे पैसे त्यालाही मिळाले.

'रिस्पेक्ट': इथे नियम मोडतो

ओटिस रेडिंगने हे १९६५ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत गायलं. चांगलं गाणं आहे. पितळी वाद्यं अंगावर येतात, ड्रम धावतो, आणि दिवसभर राबून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. मागतो म्हणजे जवळजवळ विनवतो.

१४ फेब्रुवारी १९६७ला न्यूयॉर्कमध्ये अरीथा फ्रँकलिनने तेच शब्द बाईच्या तोंडी घातले आणि विनवणीचा हुकूम झाला. नुसता गाणारा बदलला असता तर एवढं झालं नसतं. तिने गाण्याची बांधणीच बदलली. ओटिसच्या गाण्यात मधला वेगळा तुकडा नाही. इथे किंग कर्टिसचा सॅक्सोफोन अचानक दुसऱ्याच स्वरमेळावर जातो, आणि तो स्वरमेळ सॅम अँड डेव्ह या गायकजोडीच्या एका गाण्यातून आणलेला आहे. शीर्षकाची अक्षरं एकेक करून उच्चारण्याचा तो प्रसिद्ध भाग ओटिसकडे नाहीच. मागे कॅरोलिन आणि अर्मा या तिच्या बहिणी आहेत. वडिलांच्या डेट्रॉइटमधल्या चर्चमध्ये लहानपणापासून एकत्र गायलेले हे आवाज. त्यांचं बोलणं-उत्तरणं कोणी शिकवून येत नाही. गाणं दोन्ही याद्यांत पहिलं आलं. त्याच जूनमध्ये मॉन्टरेच्या महोत्सवात ओटिसनेच हसत हसत प्रेक्षकांना सांगितलं, की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं.

इथे अरीथा आधी, निःशंक. ओटिस नंतर ऐका, म्हणजे तिने कुठे कुठे हात घातला ते मोजता येईल. आणि हिशेबही पाहा. अमेरिकी रेडिओ गाणं वाजवण्याचे पैसे लिहिणाऱ्याला देतो, गाणाऱ्याला नाही. अरीथाचं 'रिस्पेक्ट' रेडिओवर जितक्यांदा वाजलं तितक्यांदा पैसे ओटिसच्या, आणि डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात तो गेल्यावर त्याच्या घरच्यांच्या वाट्याला आले. थॉर्नटनला मूळ गाणारी असून मिळालं नाही, अरीथाला गाणं नवं घडवूनही मिळालं नाही. दोघी वेगवेगळ्या बाजूंना उभ्या होत्या आणि तोटा दोघींचाच झाला.

'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन'

ही जोडी मला सर्वांत अवघड जाते, कारण इथे मूळ कोणतं हेच सरळ सांगता येत नाही. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँगचं हे गाणं डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत मार्विन गेने १९६७च्या सुरुवातीलाच गाऊन ठेवलं होतं. मालक बेरी गॉर्डींना ते पसंत पडलं नाही. मग व्हिटफील्डने ते ग्लॅडिस नाइट अँड द पिप्सकडून गाऊन घेतलं आणि सप्टेंबरमध्ये बाहेर आलेलं ते गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. मार्विनचं वर्षभराने एका अल्बममध्ये दडून आलं. रेडिओवाल्यांनी ते शोधून वाजवलं, तेव्हा कुठे एकेरी तबकडी निघाली आणि सात आठवडे पहिली राहिली.

वादक दोन्हीकडे त्याच घरचे, मोटाउनचे. ग्लॅडिसच्या गाण्यात बातमी कळलेली बाई जाब विचारायला निघाली आहे. पियानो ठोकत जातो, मागे पिप्स 'हो ना, ऐकलंय आम्हीही' म्हणावं तसे साथ देतात. मार्विनकडे तीच बातमी रात्री एकट्याने गिळायची आहे. व्हिटफील्डने त्याला नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गायला लावलं, म्हणून आवाज ताणलेला, दुखरा येतो. खाली इलेक्ट्रिक पियानो आणि व्हायोलिनं धुक्यासारखी पसरतात.

एकच ठेवायचं म्हटलं तर मी मार्विनचं ठेवेन. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सांगेन, की ग्लॅडिसचं आधी लावा आणि दोन-तीन दिवस तेच राहू द्या. मार्विनचं एकदा कानात गेलं, की तिची लय विनाकारण घाईची वाटायला लागते.