बॅटरी कायम 100 टक्के: गळतीच्या सेन्सरमधील फसवणूक

पाणीगळतीचा सेन्सर विकताना होम ऑटोमेशनचे ठेकेदार बहुधा एकच प्रयोग करून दाखवतात. वाटीतल्या पाण्यात सेन्सर ठेवला जातो, लगेच मोबाइलवर सूचना येते आणि ग्राहकाची खात्री पटते. या प्रयोगात खोटे काही नसते. सेन्सरच्या बुडाशी असलेले धातूचे दोन ठिपके पाण्याने जोडले गेले की बारीक प्रवाह वाहतो आणि संदेश सुटतो, एवढे काम अगदी स्वस्तातला सेन्सरही करतो. परंतु सेन्सर जवळजवळ सदासर्वकाळ कोरडाच असतो, आणि त्या काळात तो चालू आहे की बंद पडला आहे हे घरातील यंत्रणेला कळते का, हे त्या वाटीतून दिसत नाही. आमची फसवणूक नेमकी तिथे झाली.

पुण्यातील आमच्या सदनिकेत होम असिस्टंट, म्हणजे घरातील उपकरणे एकत्र चालवणारी संगणकीय यंत्रणा, आधीपासून चालू होते. सिंकखाली, गीझरखाली, आरओजवळ आणि वॉशिंग मशीनमागे सेन्सर ठेवायचे, मुख्य पाइपवर मोटरने बंद होणारा व्हॉल्व्ह बसवायचा आणि सगळे या यंत्रणेला जोडून द्यायचे, असे काम एका ठेकेदाराला दिले. कोटेशनमध्ये ‘झिगबी 3.0, बॅटरीची पातळी दिसेल, इंटरनेटशिवाय चालेल’ असे स्पष्ट लिहिले होते आणि एका सेन्सरचा दर 2,800 रुपये होता. झिगबी म्हणजे घरगुती उपकरणांना जोडणारी बिनतारी पद्धत. तिचा आग्रह आमचाच होता, कारण त्यात संवाद दुतर्फा असतो: संदेश मिळाल्याची पोच येते, सेन्सर अधूनमधून हजेरी लावतो आणि ती चुकली की यंत्रणा त्याला अनुपलब्ध ठरवू शकते. झिगबी उपकरणे अशा यंत्रणेला जोडणाऱ्या झिगबी2एमक्यूटीटी या सॉफ्टवेअरमध्ये हजेरी तपासण्याची सोय चालू केली, तर बॅटरीवरच्या उपकरणांसाठी ही मुदत मुळात 1,500 मिनिटे, म्हणजे 25 तास, असते.

काही महिन्यांनी वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप नटापाशी गळू लागला. पाणी मशीनखालून पसरत शेजारच्या खोलीतल्या लाकडी फ्लोअरिंगखाली शिरले आणि खालच्या मजल्यावरच्या काकू छताला ओल आल्याचे सांगायला वर आल्या, तेव्हा आम्हाला ते कळले. सेन्सर त्याच पाण्यात बसलेला होता. डॅशबोर्डवर मात्र ‘कोरडे’ आणि ‘बॅटरी 100 टक्के’ असेच दिसत होते.

सेन्सर उघडल्यावर आत 12 व्होल्टची बारीक 23ए बॅटरी निघाली, दारावरच्या बिनतारी बेलच्या बटनात असते तशी, आणि ती पूर्ण संपलेली होती. सर्किटवरच्या गोल धातूच्या डबीवर ‘आर433ए’ अशी अक्षरे होती, म्हणजे सेन्सर 433 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारा होता; जगभर घरगुती झिगबी उपकरणे 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. ‘झिगबी’ असा मजकूर असलेले लेबल वरून चिकटवलेले होते. असे 433चे सेन्सर एकतर्फी असतात: भिजल्यावर संकेत सोडतात, पण तो कोणी ऐकला का हे त्यांना कळत नाही आणि एरवी ते गप्प असतात. ते विकणे हा गुन्हा नाही. ते 433चे आहेत असे सांगून, त्यांच्या रास्त किमतीला विकले असते तर आमची काही तक्रार नव्हती.

खरा संताप कॉन्फिगरेशनची फाइल पाहिल्यावर आला. प्रत्येक सेन्सरच्या बॅटरीसाठी एक टेम्प्लेट सेन्सर, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरमधला आभासी सेन्सर, लिहिलेला होता आणि त्याचे मूल्य थेट 100 असे टंकलेले होते. ‘कोरडे’ हेही सेन्सर सांगत नव्हता. ओलाव्याचा संकेत आल्यावर ठरावीक सेकंदांनी स्थिती आपोआप ‘कोरडे’ करणारी ओळ तिथे होती. सेन्सर कचऱ्याच्या डब्यात टाकला असता तरी पडद्यावर हेच दिसले असते. याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही.

ठेकेदाराने आधी रेंजचे कारण दिले, मग पाण्यात क्षार कमी असल्याचे. आरओच्या पाण्याची वाहकता कमी असते हे खरे, परंतु वॉशिंग मशीनला महापालिकेचे पाणी येते. शेवटी त्याने आमच्याशी केलेल्या वार्षिक देखभाल करारात बॅटरी येत नसल्याचे सांगितले.

म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी, हजेरी तपासण्याची सोय चालू करून, एका सेन्सरची बॅटरी काढून ठेवावी आणि दोन दिवस थांबावे. तरीही तो कोरडा आणि त्याची बॅटरी भरलेली दिसत असेल तर पैसे रोखावेत. जोडणी आपल्यासमोर करून घ्यावी, कारण खऱ्या झिगबी सेन्सरचे मॉडेल यंत्रणेच्या उपकरणयादीत आपोआप उमटते. खोकेही मागून घ्यावे. आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे बंधनकारक आहे. आमचे सेन्सर साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आले होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवून आम्ही ठेकेदाराला लेखी नोटीस दिली. तिच्यानंतर त्याने सेन्सरचे पैसे परत केले, परंतु वार्षिक कराराची रक्कम आणि फ्लोअरिंगचा खर्च त्याला मान्य नाही. त्यासाठी कोटेशन, उघडलेल्या सेन्सरची छायाचित्रे आणि ती फाइल जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास तिथे शुल्क लागत नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. व्हॉल्व्ह तेवढा अस्सल निघाला. तो आता नव्या सेन्सरांना जोडला आहे.