शंकू हॅचरी: पाइपफिशच्या पिल्लांसाठी किती कामाची?

पाइपफिशला, म्हणजे समुद्रघोड्याच्या कुळातल्या लांबट माशाला, जठर नसतं. खाल्लेलं आखूड आतड्यातून झपाट्याने पुढे जातं, त्यामुळे पिल्लांना दिवसभर थोडं थोडं जिवंत खाद्य मिळत राहावं लागतं. त्यासाठी तळाला तोटी असलेली, एक-दोन लिटरची पारदर्शक शंकू हॅचरी (आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवाची अंडी उबवायचं निमुळत्या तळाचं भांडं) हे साधन आम्हाला योग्य वाटतं. मात्र घेताना दोन गोष्टी तपासाव्यात आणि एका हॅचरीवर भागेल असं धरून चालू नये.

पहिली तपासणी उताराची. शंकू पसरट असेल तर आर्टेमियाची अंडी कडेला बसून राहतात आणि फुटत नाहीत. दुसरी तपासणी तोटीच्या सांध्याची. आतून तिथे कंगोरा असेल तर अंडी अडकून सडतात आणि पुढची प्रत्येक खेप नासते. पाणी भरून, अंडी टाकून, हवा सुरू करावी. मिनिटभराने कुठेही थर दिसला तर ती हॅचरी घेऊ नये.

सोबत मिळणारा एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) काढून ठेवावा. बारीक बुडबुड्यांनी फेस येतो आणि अंडी पाण्याच्या वर काठाला चिकटून वाळतात. उघडी कडक नळी तळापर्यंत सोडली की मोठे बुडबुडे सगळं पाणी ढवळतात. हवा तळातूनच जाणाऱ्या मॉडेलला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं.

लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, १ ते २ ग्रॅम अंडी, तापमान २६ ते २८ अंश, पीएच ८ च्या वर आणि उजेड, एवढं जमलं की १८ ते २४ तासांत अंडी फुटतात. गारठ्यात फुटणं लांबतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ती एकदम न फुटता रेंगाळत फुटतात.

काढणीत शंकूचा खरा फायदा दिसतो. हवा बंद करून तोटीजवळ दिवा धरला की जिवंत आर्टेमिया खाली उजेडाकडे येतात आणि रिकामी कवचं वर तरंगतात. दहा मिनिटं पुरेत. जास्त थांबलं तर दाटीत प्राणवायू संपून त्या मरतात. तोटीतून येणारं पहिलं थोडं पाणी फेकून द्यावं, त्यात न फुटलेली अंडी असतात. बाकीचं १२० मायक्रॉनच्या गाळणीत घेऊन कवचं यायच्या आत तोटी बंद करावी. नंतर गोड्या पाण्याने धुवावं. हॅचरीचं पाणी पिल्लांच्या टाकीत अजिबात जाऊ देऊ नये. त्यात व्हिब्रिओ जिवाणू माजलेले असतात, आणि कवचं पिल्लांच्या आतड्यात अडकू शकतात.

आता मर्यादा. फुटल्यावर साधारण आठ तासांत आर्टेमिया पहिली कात टाकते. तोवर तिचा पोषक बलक बराच संपलेला असतो. तिला मग समृद्धी-खाद्य (तिची पोषकता वाढवणारं खाद्य) द्यावं लागतं, नाहीतर पिल्लं पोट भरूनही रोडावतात. म्हणून दोन हॅचरी बारा तासांच्या अंतराने लावाव्यात. उरलेल्या ताज्या आर्टेमिया फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवल्या तर बलक टिकतो.

आणखी एक गोष्ट हॅचरीच्या जाहिरातीत सापडणार नाही. सिंग्नॅथससारख्या पाइपफिशच्या जातींची पिल्लं बऱ्यापैकी मोठी निघतात आणि पहिल्या दिवसापासून ताजी आर्टेमिया गिळतात. निळ्या पट्ट्याच्या डोरिऱ्हॅम्फस या पाइपफिशची पिल्लं मात्र फार बारीक असतात. नळीसारख्या तोंडात जवळपास अर्ध्या मिलिमीटरची आर्टेमिया शिरत नाही, म्हणून त्यांना सुरुवातीला कोपेपॉडची पिल्लं किंवा रोटिफर (दोन्ही पाण्यातले सूक्ष्म जीव) लागतात. नराच्या पोटाखाली अंडी दिसली (पाइपफिशमध्ये अंडी नर वागवतो) की त्याच दिवशी या सूक्ष्म जिवांचं कल्चर, म्हणजे पैदास, सुरू करावं. हॅचरी नंतर घेतली तरी चालते.

धुणं सोपं आहे, पण रोज करावं लागतं: गरम पाणी, बाटलीचा ब्रश, आणि पूर्ण वाळवणं. तोटी सुटी होत नसेल तर आतला बुळबुळीत थर निघत नाही. असं मॉडेल स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.