आवाज वाढवला की फाटतो: ॲम्प, वायरिंग आणि दारांचं काम, आठ महिन्यांनंतर

गाडी छोटी हॅचबॅक. डेक (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेअर) मूळचाच. पुढच्या दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट स्पीकर (वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे), मागचे कंपनीचेच, आणि सीटखाली चार चॅनलचा क्लास-डी ॲम्प, प्रत्येक चॅनलला 60 वॅट आरएमएस (सलग मिळणारी ताकद). आठ महिने वापर झाला, त्यात एक अख्खा पावसाळा.

आवाज फाटला की दुकानात पहिलं उत्तर ठरलेलं: स्पीकर गेले, बदला. बहुतेक वेळा स्पीकर निर्दोष असतात. डेकच्या खोक्यावर "50 वॅट × 4" लिहिलेलं असतं, तो क्षणिक कमाल आकडा. गाडीच्या जेमतेम 14 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला डेककडून स्वच्छ असे 18 ते 20 वॅटच मिळतात. त्यापुढे लाटेचे माथे सपाट कापले जातात आणि कानाला खरखर लागते. त्यात बास +6 डेसिबल ठेवला असेल, तर त्या सुरांना चौपट ताकद लागते, म्हणजे डेक कितीतरी आधीच संपतो. म्हणून खर्चाआधी डेकचा बास बूस्ट आणि लाउडनेस बंद करा, फोनमधला इक्वलायझरही. निम्मी तक्रार इथेच मिटू शकते.

दुसरं कारण वेगळं आहे आणि कानाला ओळखू येतं. सगळं गाणं कर्कश झालं तर डेक किंवा ॲम्प कापतोय. फक्त ढोलाच्या ठोक्याला फडफड झाली तर स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) मर्यादेबाहेर हलतोय. तेवढ्याच आवाजासाठी 80 ऐवजी 40 हर्ट्झ वाजवायचे तर कोनला चौपट हलावं लागतं, आणि दारातल्या साडेसहा इंचीची ती कुवत नाही. पुढच्या चॅनलला हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) 80 हर्ट्झवर, प्रति ऑक्टेव्ह 12 डेसिबल उताराने ठेवला आणि फडफड थांबली. या कामातला सर्वांत मोठा फरक हाच होता, ॲम्पपेक्षाही. खालचा बास कमी होतो, हे खरं. तो हवा असेल तर सबवूफर घ्या, दाराकडून अपेक्षा नको. एकाच दारातून घासल्यासारखा आवाज येत असेल तर कोन बोटांनी सगळीकडून सारखा दाबून पाहा. खरखर जाणवली तर मात्र कोनमागची तारेची कॉइल घासतेय आणि तो स्पीकर बदलावाच लागतो.

ॲम्पवरचं गेनचं बटण डेकच्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्यासाठी असतं, आवाज वाढवण्यासाठी नाही, आणि इथेच बहुतेक बसवणारे चुकतात. स्पीकरच्या वायरी ॲम्पमधून काढा, इक्वलायझर शून्यावर आणा, 300 हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टेस्ट टोन लावा (स्वस्त मल्टिमीटर 400 हर्ट्झच्या वर एसी व्होल्ट नीट वाचत नाहीत). डेक स्वच्छ राहतो तिथपर्यंतच त्याचा आवाज वाढवा. या डेकवर 40 पैकी 32. मग ॲम्पच्या आउटपुटवर 15.5 व्होल्ट एसी येईपर्यंत गेन फिरवा. 60 वॅट गुणिले 4 ओहम, त्याचं वर्गमूळ. डेक 32 च्या पुढे नेला की कापलेलाच सिग्नल ॲम्प मोठा करून देतो, मग ॲम्प कितीही भारी असो. आणि 18 वरून 60 वॅट म्हणजे फक्त 5 डेसिबल. दुप्पट आवाजाची आशा ठेवू नका. मिळतो तो मोकळेपणा.

बॅटरीपासून 8 गेज जाडीची शुद्ध तांब्याची वायर, 5 मीटर, बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत 30 ॲम्पियरचा फ्यूज. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तिचा रोध सुमारे दीडपट. अर्थिंगसाठी रंग खरवडून थेट पत्र्यावर बोल्ट. सहाव्या महिन्यात त्याच बोल्टवर गंज धरला आणि मोठ्या आवाजाला बास ढिला पडू लागला. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून ॲम्पच्या निगेटिव्हपर्यंत गाणं चालू असताना 0.6 व्होल्ट पडत होते. घासून, ग्रीस लावून पुन्हा कसल्यावर 0.1 वर आले. पावसाळ्याआधी हे बघाच.

दारांत 2 मिलिमीटरची ब्युटाइल शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट रबरी), बाहेरच्या पत्र्यावर आणि आतल्या भोकांवर. लॉकच्या दांडीला फेल्टची टेप गुंडाळली, नाहीतर ती खुळखुळते आणि दोष स्पीकरवर येतो. आतला प्लास्टिकचा पडदा फाडून फेकू नका, दारात उतरणारं पाणी तोच अडवतो. स्पीकर बसवायला घेतलेली एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग मात्र चुकीची निवड ठरली. तीन महिने पावसात ओल धरून फुगली, स्क्रू सैल झाले आणि डावा स्पीकर गुणगुणायला लागला. प्लास्टिकची रिंग आणि फोमची गॅस्केट घातल्यावर तो गप्प झाला. कोकणात किंवा मुंबईत गाडी फिरणार असेल तर पहिल्यापासून प्लास्टिकचीच घ्या.

एक अडचण उरली आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ॲम्प दोनदा तापून बंद पडला. सीटखालच्या गालिच्यावर तो सपाट टेकलेला होता. 3 सेंटिमीटर उंच पट्ट्यांवर बसवल्यापासून अजून तरी तसं झालेलं नाही.