दिवसभराच्या ट्रेकसाठी हलकी सॅक: २२ लिटरची, दीड वर्ष वापरून झाल्यावर

दुकानातल्या मुलाने सॅक एका बोटाला लटकवून दाखवली आणि म्हणाला, मॅडम बघा किती हलकी आहे. मी म्हटलं दादा, रिकामी हलकी आहे हे दिसतंय, मी जरा भरून बघते. घरून पिशवीत एक-एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या, स्टीलचा डबा, विंडचीटर आणि टॉर्च असं सगळं नेलंच होतं, ते आत टाकलं, पट्टे ओढले आणि दुकानाच्या जिन्यावरून चार-पाच वेळा वरखाली केलं. तो आधी नुसता बघत राहिला, मग त्यानेच आणखी तीन सॅक काढून दिल्या आणि म्हणाला ह्याही भरून बघा ताई. एवढी पंधरा मिनिटं घालवली म्हणून योग्य सॅक मिळाली असं मला आज मनापासून वाटतं.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण मॉडेलं सारखी बदलतात, तुम्ही जाल तेव्हा हीच मिळेल असं नाही, पण काय बघायचं ते बदलत नाही.

आधी माझ्याकडे ३५ लिटरची फ्रेमवाली सॅक होती, मुक्कामी ट्रेकसाठी चांगली, पण एका दिवसासाठीही तीच नेत होते आणि जागा आहे म्हणून काहीबाही भरलं जायचं. कळसूबाईला बारी गावाकडून चढताना शिड्यांवर रविवारची तोबा गर्दी, वरून उतरणारे लोक आणि आपण एकाच शिडीवर, त्यात माझी सॅक प्रत्येकाला घासत होती. शिडीवर जरा मागे झुकलं की सॅकच आणखी मागे ओढायची. १६४६ मीटरवर पोचले तेव्हा पायांपेक्षा खांदे जास्त दुखत होते, तेव्हाच ठरवलं की एका दिवसाची सॅक वेगळी घ्यायची.

आता ज्या चार बघितल्या त्यांच्याबद्दल. पहिली घडी करून मुठीत मावेल अशी, वजन अगदी २५० ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्यावर मोह होतो, पण पट्टे म्हणजे नुसतं कापड, आत फोम नाही, आणि पाठीलाही काही नाही, त्यामुळे डब्याचा कोपरा आणि बाटलीचं बूड थेट मणक्याला लागत होतं. गावात फिरायला ठीक. दुसरी जाळीच्या पाठीची, आत वाकवलेली तार, पाठ आणि सॅकच्या मधे हवा खेळते. उन्हाळ्यात सुख आहे हे खरं, पण किलोच्या वर वजन, आणि सामान पाठीपासून चार बोटं लांब राहतं, म्हणजे कड्यावर किंवा शिडीवर ते मागे खेचणार. तिसरी चांगली होती पण माझ्या पाठीला लांब पडत होती. चौथी घेतली, २२ लिटर, घरच्या काट्यावर ५४० ग्रॅम भरली, दोन हजारांच्या आत मिळाली.

लांब पडते म्हणजे काय ते सांगते, कारण हे माझ्या ग्रुपमधे कुणी मोजतच नाही. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप लावायची. माझं ४० सेंटीमीटर भरलं. माझ्याहून चार बोटं उंच असलेल्या मैत्रिणीचंही तेवढंच, कारण तिचे पाय लांब आहेत, म्हणून उंचीवरून सॅक निवडू नका. आणि बायकांनी छातीवरचा पट्टा वरखाली सरकतो का ते नक्की बघा, एकाच जागी शिवलेला असेल तर नेमका नको तिथे येतो आणि दिवसभर काचतो.

आपल्याकडे एका दिवसाच्या ट्रेकला सॅकमधलं खरं वजन पाण्याचंच असतं. फेब्रुवारी-मार्चनंतर कितीतरी गडांवरची टाकी आटतात नाहीतर पाणी पिण्यासारखं राहत नाही, मग माणशी तीन लिटर खालूनच न्यावं लागतं, म्हणजे तीन किलो. त्यापुढे सॅक ४०० ग्रॅमची की ५५० ग्रॅमची याने फार फरक पडत नाही, ते तीन किलो पाठीला चिकटून बसतायत की लोंबकळतायत याने पडतो. मी दोन बाटल्या आत पाठीला लागून उभ्या ठेवते, डबा त्यांच्या पुढे, हलके कपडे खाली, आणि बाजूचे पट्टे ओढून सगळं घट्ट करते. आम्ही निघताना सॅक घालून दोन उड्या मारतो, आतून डुचमळल्याचा आवाज आला की उघडून परत भरायची.

याची परीक्षा हरिहर गडावर झाली. निरगुडपाड्याकडून गेलो होतो. त्या कातळात खोदलेल्या पायऱ्या फोटोत दिसतात त्यापेक्षा समोर उभं राहिल्यावर जास्त उभ्या वाटतात, पायरीच्या दोन्ही टोकांना बोटं अडकवायला खोबण्या आहेत, दोन्ही हात तिथे आणि उतरताना तोंड कातळाकडे. अशा वेळी पाठीवर काही हललं की पोटात गोळा येतो. सॅक जागची हलली नाही, छातीचा आणि कमरेचा दोन्ही पट्टे लावले होते. पण आमच्या वरच्या माणसाची बाजूच्या खिशातली बाटली निसटली आणि ठण्ण ठण्ण आवाज करत आमच्या शेजारून खाली गेली, थोडक्यात वाचलो. तेव्हापासून अशा जागी बाजूचे दोन्ही खिसे रिकामे, हा माझा नियम. वर माकडंही आहेत, बाहेर काही दिसलं की हात घालतातच, म्हणून खाणं आतल्या कप्प्यात आणि चेन बंद.

पावसाळ्याबद्दल. सोबत मिळणारं रेनकव्हर चिखलापासून वाचवतं एवढंच. विसापूरला भाजे बाजूने पायऱ्यांवरून पाणी वाहत असताना चढलो, वारा इतका की कव्हर शिडासारखं फुगत होतं आणि पाठीवरून ओघळणारं पाणी कव्हरच्या आतूनच सॅकमधे शिरलं. आता आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालते, सामान तिच्यात, तोंडाला पीळ देऊन खाली मुडपते. परतल्यावर कोरडे मोजे मिळाले की काय बरं वाटतं!

कापडाचं म्हणाल तर माझी २१० डेनियरची आहे (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), बारीक चौकटींची वीण, फाटलं तरी पुढे पसरत नाही. ७० डेनियरच्या तलम सॅक आणखी हलक्या असतात, पण करवंदीच्या जाळीतून जाताना आणि घसाऱ्यावरून बसून उतरताना त्या किती टिकतील याची मला शंका आहे. रतनगडावरून उतरताना मी अशीच घसरत आले तर हिच्या बुडालाही एक छोटं भोक पडलं, आतून ठिगळ लावलं, अजून टिकलंय. जुन्या सॅकचं अस्तर मात्र चिकट होऊन पापुद्रे निघाले, कारण पावसाळ्यात ओलसर असताना तशीच माळ्यावर टाकली होती, आतला वॉटरप्रूफ थर दमटपणाने खराब होतो. म्हणून आता प्रत्येक ट्रेकनंतर सगळ्या चेनी उघडून सावलीत उलटी टांगते, वॉशिंग मशीनमधे कधीच नाही.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. कमरेचा पट्टा बारीक आहे, सॅक हलू देत नाही पण वजन उचलत नाही, त्यामुळे सहा किलोच्या वर गेलं की खांदे बोलायला लागतात. पाठीला फोम आहे पण मे महिन्यात शर्ट ओलाचिंब होतो. आतला कप्पा गच्च भरला की बाजूच्या खिशात बाटली जाता जात नाही. चेनचं टोक ओल्या हाताला सापडत नव्हतं, तिथे नाडी बांधून घेतली. काठी अडकवायला काही सोय नाही. छातीच्या बक्कलमधे शिट्टी आहे, ती छोटी असली तरी धुक्यात उपयोगी पडते, मागच्या जुलैमधे वाट चुकलेल्या दोघांना त्याच आवाजावर परत बोलावलं.

मुक्काम करणार असाल, किंवा लहान मूल बरोबर आहे आणि त्याचंही पाणी-कपडे तुम्हीच वाहणार असाल तर ही पुरणार नाही, ३० च्या पुढची बघा. एकट्याच्या एका दिवसाला २० ते २५ भरपूर झालं.

येत्या रविवारी बहिणीच्या मुलीसाठी सॅक घ्यायला जातोय, ती बारा वर्षांची आहे, तिला १५ लिटरच्या वर द्यायची नाही असं ठरवलंय. तिची पाठ मोजून झाली, ३५ सेंटीमीटर. दोन बाटल्या भरून बरोबर नेणार आहोत.