संक्रांतीचे वाण, हातकागद आणि माझे १८,६०० रुपये

परभणीत माझे शुभेच्छापत्रे, वह्या, आहेराची पाकिटे आणि कागदी भेटवस्तूंचे छोटे दुकान आहे. हौसेच्या कागदाला गिऱ्हाईक थोडे असते, पण जे येते ते पारखून घेणारे असते, त्यामुळे माल हाताळल्याशिवाय आणि उजेडात धरून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही, हा माझा पहिल्यापासूनचा शिरस्ता आहे. तरीही संक्रांतीच्या वाणासाठी मागवलेल्या मालात मी १८,६०० रुपयांना फसले. कशी फसले ते सविस्तर लिहिते आहे, कारण संक्रांत, लग्नसराई आणि दिवाळी या तिन्ही वेळांना असा माल घाईने मागवला जातो आणि त्या घाईतच ही माणसे आपल्याला गाठतात.

आमच्या कॉलनीतल्या बायकांनी हळदी-कुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, असे ठरवले होते. पर्समध्ये मावेल एवढी हातकागदाची वही, एक शुभेच्छापत्र आणि तिळगुळाची पुडी राहील असे पाकीट, असे ३०० संच त्यांनी माझ्याकडे सांगितले आणि निम्मे पैसे आगाऊ दिले. पूर्वी दूरच्या नातेवाइकांना पाकिटातून हलव्याचे चार दाणे पाठवले जात, त्याची आठवण त्यांच्यातल्या एका आजींनी काढली, तेव्हा हे काम मनापासून चांगले करायचे असे मी ठरवले.

माल शोधताना इन्स्टाग्रामवर एक पान सापडले. लाकडी टेबलावर पसरलेली कार्डे, लाल दोऱ्याने शिवलेल्या वह्या, पाकिटावर मेणाची मोहोर, अशी सुरेख छायाचित्रे तिथे होती आणि खाली ‘कागजीपुऱ्याचा अस्सल हातकागद’ असे लिहिले होते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नाव आमच्या मराठवाड्यात कोणालाही खरे वाटावे असेच आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा सोबत आलेल्या कागदी कारागिरांनी ते गाव वसवले असे सांगतात, आणि दौलताबादी कागदाची कीर्ती पुढे कित्येक शतके टिकली. त्या नावावर मी विसंबले. कागजीपुरा माझ्यापासून एका दिवसाच्या जाण्यायेण्यावर आहे, आणि तरी मी गेले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मी नमुने मागितले. चार दिवसांत सहा कार्डे आली आणि ती खरोखर उत्तम होती. हातकागद साच्यावर उचलताना चौकटीच्या फटीत झिरपलेला लगदा पातळ होत जातो, म्हणून त्याची कड पापुद्र्यासारखी विरळ होऊन संपते. ती या कार्डांना चारही बाजूंनी होती. झेंडूच्या पाकळ्या कागदाच्या अंगात रुतलेल्या होत्या आणि बोटाला त्यांचा उंचवटा लागत होता. फाउंटन पेनाने मी त्यावर नाव लिहून पाहिले, शाई फुटली नाही. दर संचाला ६२ रुपये ठरला. निम्मी रक्कम आधी आणि निम्मी माल बांधल्याची चित्रफीत पाहून, असे बोलणे झाले. फोनवरचा गृहस्थ दर वेळी ‘ताई’ म्हणून आदबीने बोलत होता, चित्रफितीत माझ्या दुकानाचे नाव लिहिलेली खोकी दिसत होती, आणि मी दोन्ही हप्ते यूपीआयने पाठवले. पैसे दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात जात आहेत, हे पडद्यावर मला स्पष्ट दिसले होते.

खोकी आली तेव्हा वरचे दोन गठ्ठे नमुन्याबरहुकूम होते. तिसरा गठ्ठा सोडला आणि पहिल्या कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात दोन पाकळ्या दिसल्या, एक सरळ आणि एक टोकाला दुमडलेली. दुसऱ्या कार्डावरही त्याच जागी एक सरळ आणि एक दुमडलेली. मी खालची कार्डे भराभर उलटत गेले आणि प्रत्येकावर तीच दुमडलेली पाकळी होती, कारण ती पाकळी नव्हतीच, छापलेले चित्र होते. कडा पट्टी ठेवून फाडल्या होत्या, म्हणून त्या खडबडीत होत्या पण शेवटपर्यंत सारख्याच जाड होत्या. कागद एका दिशेने सरळ फाटत होता आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. यंत्रावर धावताना तंतू बहुतांशी एका दिशेला लागतात, त्याची ही खूण आहे. वह्यांची पानेही तशीच होती. कार्ड उघडल्यावर ए-५ आकाराचे होते, आणि अशी ३२ कार्डे मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) कागद असेल तर ३२ कार्डांचे वजन २०० ग्रॅम भरायला हवे. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ते १२४ ग्रॅम भरले. हा हिशेब कोणालाही करता येतो, आणि नमुना मागवताना सहाऐवजी ३२ कार्डे विकत घेतली असती तर ठरावाच्या कागदावर मला वजनही लिहून घेता आले असते.

बिल मी त्यानंतर नीट वाचले. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात आणि महाराष्ट्राचे २७ आहेत. या बिलावर २४, म्हणजे गुजरातचे होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर नाव एका कापड व्यापाऱ्याचे निघाले, ज्याला बहुधा याची कल्पनाही नसावी. हे तपासायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत.

यानंतरचे अकरा दिवस मी फोन आणि विनवण्यांत घालवले, आणि माझी सर्वांत मोठी चूक हीच झाली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवले तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. मी तक्रार केली तोवर खात्यात काही उरले नव्हते. मधल्या काळात मी त्या पानावर उघडपणे लिहिल्यावर त्याच गृहस्थाचा फोन आला. ‘ताई, पैसे परत करतो, क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका’ असे तो म्हणाला. मी फोन हातात घेतलाही होता. बँकेत नोकरीला असलेला भाचा त्या वेळी घरी होता, त्याने माझा हात धरला. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे मला माहीत होते, आणि तरी गेलेले पैसे परत येणार या आशेने ते त्या क्षणी डोक्यातून निघून गेले होते.

माझ्यासारख्या दुकानदारांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. घरासाठी घेतलेल्या मालाची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पण पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत ग्राहक धरला जात नाही, असे वकिलांनी मला सांगितले. आमच्या वाट्याला पोलीस आणि दिवाणी दावा एवढेच मार्ग उरतात. माझी तक्रार सायबर पोर्टलवर नोंदलेली आहे आणि अजून तिचे पुढे काही झालेले नाही.

कॉलनीतल्या बायकांना मी खरे ते सांगितले आणि पैसे परत देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत; रथसप्तमीपर्यंत दिवस आहेत, काहीतरी करा, म्हणाल्या. मग मी पहाटे निघून कागजीपुऱ्याला गेले. तिथल्या एका वयस्क कारागिराने नमुन्याचे कार्ड उजेडाकडे धरले आणि हे खरे आहे असे सांगितले. खोक्यातले कार्ड त्यांनी नुसते अंगठ्याने चाचपून बाजूला ठेवले. मला परवडले तेवढे ताव मी आणले, वह्यांचा नाद सोडला, आणि मुलीला सोबत घेऊन रात्री बसून ३०० कार्डे कापून दुमडली.

दुकानातल्या कपाटाची मांडणी मी तेव्हापासून बदलली आहे. पूर्वी कार्डे प्रसंगाप्रमाणे, म्हणजे वाढदिवस, लग्न, संक्रांत, अशी उभ्या कप्प्यांत असत आणि कसर लागू नये म्हणून मध्ये वेखंडाच्या पुरचुंड्या असत. ते सारे तसेच आहे, पण आता प्रत्येक कप्प्यात पुढे त्या मालाचा मूळ नमुना राहतो. त्याच्या मागे तारीख, दर, वजन आणि विकणाऱ्याचा तपासलेला जीएसटी क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला असतो. माल आला की खोके उघडतानाची सलग चित्रफीत घेते, आणि गठ्ठा वरून न पाहता मधून आणि तळातून पाहते.

ती सहा कार्डे मी पुरावा म्हणून तक्रारीच्या प्रतीसोबत ठेवली आहेत. तेच लाकडी टेबल, तोच लाल दोरा आणि तीच मेणाची मोहोर असलेली छायाचित्रे गेल्या आठवड्यात मला एका नव्या नावाच्या पानावर पुन्हा दिसली. या वेळी तिथे लग्नसराईसाठी आहेराची पाकिटे आहेत, आणि ‘नमुना मागवून खात्री करा’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे.